नाल्याकडचा दगड

१० नोव्हेंबर, सोमवार. मुकुटबन

सात आठवडे वहीला हात लावला नाही. चुकलंच. शेवटच्या पानावर २१ सप्टेंबर आहे आणि त्याखाली अर्धं वाक्य : 'डोळ्यांच्या मागे ठणकतंय, उद्या'. उद्या काय, ते आता आठवत नाही. दुसऱ्या दिवशी ताप एकशे तीन होता आणि विलास गाडी करून मला यवतमाळला घेऊन गेला.

मधलं थोडक्यात. डेंग्यू. सहा दिवस दवाखाना, मग घर. दिवाळीचे दिवे पलंगावरून पाहिले. केस मुठीने गेले. २७ ऑक्टोबरला रुजू झाले. वि. म्हणत होता, अजून पंधरा दिवस रजा वाढव. मी नाही म्हटलं. का, ते स्वतःशी तरी नीट लिहावं : आमच्या भूमी अभिलेखच्या ऑफिसातून मोजणीला बाहेर जाणारी मी एकटी बाई. तीन वर्षांपूर्वी टेबल सोडून फील्ड मागून घेतलं, तेव्हा 'पाहू किती दिवस' म्हणणारे अजून त्याच खुर्च्यांवर बसलेले आहेत.

आज खोलीचा जिना. सोळा पायऱ्या, दोनदा थांबले. घरमालकीणबाई खालून पाहत होत्या, म्हणून दुसऱ्यांदा थांबताना मोबाईल काढून काहीतरी वाचल्यासारखं केलं.

रिपोर्ट सगळे नॉर्मल. खरी अडचण ही आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तांड्यावर मोजणी. अर्जदार रामधन राठोड. सोयाबीन निघालं आहे, हरभरा पेरायच्या आत हद्द पक्की करून तारेचं कुंपण घालायचं आहे त्यांना. लगतचं शेत पोडावरच्या, शेजारच्या आदिवासी वस्तीतल्या, भिमाबाई टेकाम यांचं. कोलाम, म्हाताऱ्या, एकट्या. बांधावर बसून होत्या. आमचे शिपाई भगतजी रजेवर, त्यामुळे रोव्हर, जीपीएसचं यंत्र आणि त्याचा दांडा, मीच वाहिला. सहा खुणा घेतल्या. पंचनामा, सह्या, भिमाबाईंचा अंगठा. चारला परत.

फार दमले. जेवण नको. झोपते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल लिहिलं 'सहा खुणा घेतल्या'. घेतल्या पाच.

पंचनाम्यात सहा लिहिणं समजू शकते, तिथे सगळे उभे होते. इथे कोण उभं होतं? या वहीत खोटं लिहायची मला काय गरज पडली?

झालं ते असं. पाचव्या खुणेवर पोचले तेव्हा साडेबारा झाले असतील. पाय आपले नाहीत असं वाटायला लागलं. दुखत नव्हते, नुसते नव्हतेच. कानात भुंगा. सहावी खूण खाली नाल्याकडे. उतार दोनशेक पावलांचा, आणि उतरलं की चढावंच लागणार. माझा चेहरा पाहून राठोडांची बायको धावत जाऊन मोहाच्या सावलीत खाट टाकून आली. "बेस याडी, बेस." मी बसले. त्यांच्यात आई म्हणायला याडी. माझ्याहून वयाने मोठी बाई मला आई म्हणत होती.

चहा आला. राठोड म्हणाले, "मॅडम, तुम्ही कायले उतरता. मले दगड मालूम आहे, बापाच्या टायमापासून. दांडा मी धरतो, तुम्ही फक्त सांगा."

आणि मी सांगितलं. दांडा दगडावर टेकवा, सरळ धरा, बुडबुडा मधोमध आला पाहिजे, पडद्यावर हिरवं झालं की हे बटण. ते गेले, दहा मिनिटांत आले. "झालं मॅडम, हिरवं झालतं."

म्हणजे अर्जदाराने स्वतःच्या हद्दीची खूण स्वतः घेतली, आणि त्याखाली माझी सही आहे.

बाबा याच खात्यात होते. त्यांच्या वेळी लोखंडी साखळी असायची. त्यांचा एक नेम होता : दगडाला तळहात लावल्याशिवाय तो कागदावर घ्यायचा नाही. संध्याकाळी घरी आले की तळव्यांना माती, कधी शेवाळ. मीही तेच करत आले. तीन वर्षांत एकही दगड असा नाही. काल एक झाला.

१६ नोव्हेंबर, रविवार. यवतमाळ

शुक्रवारी संध्याकाळच्या बसने आले. पांढरकवड्याला बस बदलताना जागा मिळाली नाही, अर्धा रस्ता उभी. शनिवार झोपण्यात गेला. अक्षरशः. उठले तेव्हा आईंनी म्हणजे सासूबाईंनी पपईच्या पानांचा रस पुढे केला. ताप जाऊन दीड महिना झाला, रस चालूच आहे.

"असा कोणता ताप असते माय, जो गेल्यावर बी जात नाही," त्या वि.ला सांगत होत्या. मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

शेजारच्या काकू बसायला आल्या. त्यांच्या भाच्याच्या प्लेटलेट्स वीस हजारांवर आल्या होत्या. माझ्या किती? मी म्हटलं, अडतीस. काकूंच्या चेहऱ्यावर, म्हणजे फार काही नाही, असं. डेंग्यूतही मी काठावर पास. भाचा म्हणे दहाव्या दिवशी कामाला.

आमची मुग्धा बारावीच्या पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "आजी, तिची बॅटरी जुनी झाली. शंभर टक्के दाखवते आणि दहा मिनिटांत बंद." सगळे हसले, मीही. मग ती उठून माझ्या पायथ्याशी येऊन बसली आणि पोटऱ्या दाबून दिल्या.

डॉक्टर : होतं असं, विषाणू गेला तरी शरीर सावरायला वेळ घेतं, कुणाला दोन महिने, कुणाला जास्त. भरपूर पाणी, झोप, हळूहळू चालणं वाढवा. मी विचारलं, चालताना पाय गळाले तर कसं ओळखायचं की खरंच थांबायला हवं की मनाचं आहे? ते हसले. म्हणाले, "तुम्ही फार विचार करता." औषधाच्या चिठ्ठीवर जीवनसत्त्वाची गोळी लिहिली. प्रश्न तसाच राहिला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसात तांड्याची मोजणी जुन्या टिपणावर, म्हणजे पूर्वीच्या मोजणीच्या नोंदीवर, लावून पाहिली. संगणकावर एकावर एक.

पाच खुणा बसल्या. सहावी बसत नाही. तीन मीटर चाळीस, भिमाबाईंच्या बाजूला सरकलेली.

तीन कारणं असू शकतात. दांडा तिरपा होता (पण तिरपा दांडा एवढा फरक देत नाही). दगड कधीतरी हलला. किंवा तो दगडच वेगळा, नाल्यात दगडांची काय कमी. चौथं कारण मी लिहिणार नाही. राठोडांनी मला पाणी दिलं, सावली दिली. चौथं कारण डोक्यात आलं याचीच लाज वाटते. आलं मात्र.

क्षेत्रात अडीच गुंठ्यांचा फरक पडतो. एवढा चालतो. नकाशा असाच वर गेला तर कुणी विचारणार नाही. शेजारच्या टेबलावरच्याने मागून पाहिलं, म्हणाला, "मस्त जमलं की मॅडम. कालवाकालव कशाची?"

नकाशाची क-प्रत, म्हणजे अर्जदाराला द्यायची प्रत, आठवड्याभरात साहेबांच्या सहीला जाईल.

आज डबा उघडायचा विसरले. गट नंबर लिहिताना आकडे उलटे लिहिले, दोनदा. पूर्वी असं होत नसे. की होत होतं आणि लक्ष नव्हतं?

१९ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर एकच. त्या खाटेवरून मला उठता आलं असतं का?

प्रामाणिकपणे : पंधरा मिनिटं पडून राहिले असते तर उतरले असते. चढताना दोन-तीनदा बसावं लागलं असतं. राठोडांसमोर आणि भिमाबाईंसमोर बसत बसत चढणं नको होतं. म्हणजे थकव्याने नाही थांबले, थकवा दिसू नये म्हणून थांबले?

किंवा हेही खोटं. खरंच उठता आलं नसतं, आणि आता घरी बसून स्वतःला दोष द्यायला मजा येते आहे. त्या दिवशीचे पाय आज आठवत नाहीत. ताप गेल्यावर ताप कसा होता ते आठवत नाही तसंच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

यवतमाळच्या बससाठी थांब्यावर बसले होते, तर शेजारी भिमाबाई. मांडीवर गाठोडं. त्यांनी मला ओळखलं, मी त्यांना ओळखून न ओळखल्यासारखं करणार होते. तेवढा वेळ त्यांनी दिला नाही.

"बाई, तुमाले डेंगू झालता म्हणे."

म्हटलं, हो.

"माह्या पोरीले बी झालता, तेलंगणात दिली थे. चार महिने भाकर थापता थापता चुलीपाशीच झोपे. सासू म्हणे, ढोंग करते." मग माझ्या हाताला हात लावून पाहिला, ताप पाहावा तसा. "तुमचे हात अजून थंडे आहेत."

बस येत नव्हती. मग त्याच आवाजात, तक्रारीचा सूर नाही, काही नाही :

"तुमी नाल्याकडं आल्याच नाई."

"नाही आले."

"थे मी पाहलं. बसल्या तवाच मी म्हटलं, ह्या बाईच्यानं आता होत नाही." मग, "थ्या कोपऱ्यात माहा झिरा हाय. उन्हाळ्यात पोडावरचा हापसा आटते, मंग आमी चार घरं तिथलंच पाणी उकरून नेतो. सासू होती माही तवापासून. राठोड तार वढणार म्हणते. झिरा तर माहाच राहीन ना बाई?"

मला म्हणता आलं असतं, हो. मला म्हणता आलं असतं, मोजणीप्रमाणे होईल. मी म्हटलं, "पाहते."

हे काय उत्तर झालं. पाहायचं तर तेव्हाच होतं.

बस आली. त्यांनी माझी पिशवी वर चढवून दिली. सत्तरीच्या बाईने, चव्वेचाळीस वर्षांच्या मला.

२३ नोव्हेंबर, रविवार. यवतमाळ

वि.ला सगळं सांगितलं. दहा दिवस सांगितलं नव्हतं, त्यावर तो आधी चिडला. मग कागद काढून मला आकृती काढायला लावली. बारावीला शिकवतो, आकृतीशिवाय काही पटत नाही त्याला.

"तीन मीटर. लोकांच्या बांधावरची बाभूळ याहून जास्त सरकते."

"झिरा त्या तीन मीटरमध्ये आहे."

"तुला काय माहीत? तू पाहिलाच नाहीस."

तेच तर म्हणते आहे, म्हटलं.

तो पेन फिरवत बसला. मग म्हणाला, "तू साहेबांना लेखी दिलंस की चालता येत नव्हतं, तर उद्यापासून टेबल. हे चालेल तुला?" मी म्हटलं, नाही चालणार. "मग?" त्याने उठून चहा केला. साखर जास्त झाली होती, दोघांनीही म्हटलं नाही.

संध्याकाळी चालायला गेले. मैदानाला एक फेरी. दुसरीच्या मध्यावर बाकावर बसले. शेजारी दोन आजोबा चौथ्या फेरीची गोष्ट करत होते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अर्ज लिहिला. चार वेळा. पहिल्यात 'तांत्रिक कारणास्तव सहावी खूण पुन्हा घेणे आवश्यक'. फाडला, तांत्रिक काही नव्हतं. दुसऱ्यात डेंग्यूचीच इतकी माहिती की तो रजेचा अर्ज वाटला. शेवटचा असा : 'दि. १२ रोजीच्या मोजणीत सहाव्या खुणेपर्यंत मी स्वतः गेले नाही. प्रकृती बरी नसल्याने ती खूण माझ्या सांगण्यावरून अर्जदारांनी घेतली. चूक माझी आहे. नकाशा थांबवून उभयतांना नोटीस देऊन ती खूण पुन्हा मोजावी.'

साहेबांनी दोनदा वाचला. वयाने माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान आहेत, मॅडम म्हणतात, कधी आवाज चढवत नाहीत. दार लावायला सांगितलं.

"मॅडम, हा कागद मी फाइलला लावला तर काय होईल माहीत आहे? रुजू झाल्यापासून तुम्ही केलेल्या प्रत्येक मोजणीवर कुणीतरी बोट ठेवेल. त्या बाई तेव्हा आजारी होत्या म्हणून."

मी म्हटलं, बाकीच्या चारही ठिकाणी मी स्वतः गेले होते.

"मी मानतो. वकील मानेल?" अर्ज माझ्याकडे सरकवला. "असं करा. एखाद्या दिवशी भगतजीला घेऊन जा, शांतपणे तो पॉइंट घेऊन या, बदलून टाका. नकाशा बरोबर निघेल. कुणाचं नुकसान नाही. कागद नको."

दयाळूपणे बोलले. म्हणून तर अवघड.

अर्ज पर्समध्ये आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

साहेबांचा मार्ग चांगला आहे. भिमाबाईंना झिरा मिळेल, राठोडांना कुंपण, मला फील्ड. मी का अडते आहे?

एक. पॉइंट बदलला तर पंचनामाही बदलावा लागेल. त्यावर भिमाबाईंचा अंगठा आहे, राठोडांची सही आहे. त्यांच्या मागे बदलायचा?

दोन. दगड खरोखर तिथेच असला आणि टिपणच चुकीचं असलं तर? मग मी गुपचूप राठोडांची जमीन कमी करेन. मी आजही दगड पाहिलेला नाही. दोघांसमोर पाहिला पाहिजे.

तीन. 'बाकीच्या चारही ठिकाणी स्वतः गेले' म्हटलं. रात्रीपासून आठवते आहे. अडेगावच्या बाजूची ती ३१ तारखेची मोजणी, कपाशीतली. सगळे दगड आठवतात. उत्तरेचा आठवत नाही. तळहात आठवत नाही. गेले होते, नक्की गेले होते, चपलेला चिखल लागला होता. चिखल त्याच दिवशीचा होता ना?

डोकं हे असं झालं आहे. कापूस भरल्यासारखं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सकाळी अर्ज आवक-जावकला दिला. शिक्का मारून घेतला. साहेबांच्या हातात दिला असता तर त्यांनी पुन्हा परत केला असता आणि मी पुन्हा घेतला असता. एवढी मला मी माहीत आहे.

दुपारी त्यांनी बोलावलं. रागावले नाहीत. "ठीक आहे. दोघांना नोटीस काढतो, ११ डिसेंबर. कुणाला पाठवू?"

मी म्हटलं, मलाच.

"नाल्यापर्यंत जाल?"

हो म्हणायला जेवढा वेळ लागायला नको, तेवढा लागला. त्यांनी पाहिलं ते.

"भगतजी बरोबर येतील. मॅडम, त्यानंतर आपण टेबलाचं बोलू. शिक्षा म्हणून नाही. तुम्ही बऱ्या होईपर्यंत."

बऱ्या होईपर्यंत. आजवर ऑफिसातल्या ज्या बायकांनी टेबल घेतलं त्या सगळ्या काही ना काही होईपर्यंतच घेऊन बसल्या होत्या. मुलं मोठी होईपर्यंत. सासूचं ऑपरेशन होईपर्यंत.

घरी गेले नाही या आठवड्यात. फोनवर मुग्धा म्हणाली, "चार्जिंगला लावून ठेव स्वतःला." वि.ला सांगितलं, अर्ज दिला. तो म्हणाला, "माहीत होतं."

२ डिसेंबर, मंगळवार

नोटीस पोचली. राठोड ऑफिसात आले. डोक्यावरचा फेटा काढून हातात धरलेला. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"मॅडम, म्हणजे मी चोर हाय का?"

नाही म्हटलं. चूक माझी म्हणून लिहिली आहे, तुमची नाही.

"मी वाचून घेतलं. 'ती खूण अर्जदारांनी घेतली.' तुम्ही पडून राह्यल्या होत्या म्हणून मी दांडा धरला. माह्या बायकोनं तुमाले याडी म्हटलं. आता तांड्यात बी अन् पोडावर बी एकच, रामधननं मशीन हातात घेऊन हद्द सरकवली."

"माझ्या सांगण्यावरून, असंही लिहिलं आहे."

"वाचणारा तेवढं नाही वाचत मॅडम."

हे खरं आहे. चार वेळा अर्ज लिहिताना मी प्रत्येक शब्द माझ्या बाजूने तपासला. माझी कबुली नीट बसते का, माझं खोटं राहत नाही ना. त्यांच्या बाजूने एकदाही वाचून पाहिला नाही.

मी विचारलं, तो दगड तुम्हाला कसा माहीत?

"बापानं दाखवला. त्याच्यावर बसून आमी आंघोळ करत होतो." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "मधात एक मोठा पूर आलता. बांध नवा टाकला होता त्यावर्षी. दगड कोणी पाहलाच नाही मंग, की हाय तिथंच हाय का." आणि लगेच, "पण थोच हाय. मले मालूम हाय."

दारापर्यंत गेले आणि वळले. "या अकराले. चहा भेटन. खाट नाही टाकत आता, तुमचं पुन्हा काही लिहावं लागन."

माझ्या शेजारच्या टेबलावरचा हसला. राठोड हसले नाहीत.

७ डिसेंबर, रविवार

याही आठवड्यात इथेच. खोली ते शाळेचं फाटक. जाताना नीट, येताना दोनदा थांबले. दुसऱ्यांदा घरमालकीणबाईंच्या ओट्यावर सरळ बसले, मोबाईल वगैरे न काढता. त्या म्हणाल्या, "थकल्या?" म्हटलं, हो. त्यांनी शेंगा निवडायचं सूप माझ्याकडे सरकवलं. "मंग बसल्या बसल्या हे करा."

तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत अर्धा तास बसले. किती दिवसांनी कुणासमोर दमले, असं वाटलं.

जिना सोळा पायऱ्या. एकदा थांबले. की दीडदा? एकदा थांबले आणि एकदा थांबायच्या बेतात होते. हे मोजणं सोडायला हवं.

अडेगावचा उत्तरेचा दगड : आज आठवला. त्यावर कुणीतरी शेंदूर लावला होता, तळहात लाल झाला होता. रुमालाला पुसला. रुमाल शोधून काढला, आहे डाग. तो पाहून रडू आलं, काही कारण नसताना.

१० डिसेंबर, बुधवार

उद्या दहा वाजता तांडा.

रोव्हर चार्जिंगला लावला. टिपणाची नक्कल, कोरा पंचनामा, शाईचं पॅड. भगतजी आज भेटले, म्हणाले, "मॅडम, दांडा मी नेतो, मशीन बी मीच नेतो. तुम्ही फक्त सोता चाला." मी म्हटलं, तेवढंच तर आहे. त्यांना वाटलं मी विनोद केला.

दुपारपासून पोटऱ्यांत पुन्हा ते, दुखत नाही पण नाहीतच, असं. काल नव्हतं. उद्याच्या भीतीने आलं की आपोआप, कळायला मार्ग नाही. वि.चा फोन आला होता. त्याला सांगितलं. नेहमीसारखं 'मनावर घेऊ नको' म्हणेल असं वाटलं, तर म्हणाला, "वाटेत बसावं लागलं तर बस. सगळ्यांसमोर बस. पण जा." मग म्हणाला, "सुट्टी टाकून येऊ का मी?" नको म्हटलं. ठेवल्यावर वाटलं, हो म्हणायला हवं होतं.

दगड टिपणाप्रमाणे निघाला तर राठोडांचं नाव तांड्यात गेलंच. राठोड म्हणतात तिथे निघाला तर चार घरांचं उन्हाळ्याचं पाणी कुंपणाच्या आत. दोन्हीकडे मी खाटेवर बसले होते त्या दिवसाचं काहीतरी राहणार. उतरून परत चढले तरी, आणि चढता आलं नाही तरी.

पंचनाम्यात या वेळी एक वाक्य आधीच ठरवलं आहे. मोजणीदार कुठे कुठे थांबली, तेही लिहायचं. साहेब नको म्हणतील.

आईंनी कुणाबरोबर तरी पपईची पानं पाठवली आहेत, ओल्या कपड्यात गुंडाळून. वाटून प्यायले. कडू.

उद्या : नाल्याकडच्या दगडाला हात लावणे.